मक्याच्या गावची आर्डिस

अमिरातीत, फुजैरा शहरात आम्ही राहायला गेलो त्या इमारतीत आमच्या समोरच्या दारावर मक्याच्या वाळक्या पानांची एक गोल वेणी टांगलेली होती. सुधीर, माझा नवरा, खोकी आत ओढता ओढता म्हणाला, "हे दुष्काळी तोरण कुणाचं गं?" सामानातून अजून पोळपाटसुद्धा सापडला नव्हता. तेवढ्यात ते दार उघडलं आणि एक उंच, रुंद खांद्यांची, आखूड पांढऱ्या केसांची बाई झाकलेलं काचेचं भांडं दोन्ही हातांत धरून आमच्या उंबऱ्याशी उभी राहिली. म्हणाली, "आज तुम्ही स्वयंपाक करू नका. मी आर्डिस."

भांड्यात वर बटाटे आणि चीज, खाली खिमा होता. आम्ही शाकाहारी आहोत हे मी चाचरत सांगितलं. चेहऱ्यावर काही दाखवायची तिला सवय नव्हती. "असं होय," एवढंच म्हणाली, भांडं घेऊन गेली आणि तासाभरानं खिम्याच्या जागी मक्याचे दाणे घालून तोच पदार्थ नव्यानं करून घेऊन आली. आत ये म्हटलं तर नको. चहा घे म्हटलं तर नको. पुन्हा म्हटलं तरी नको. मी ठाण्याची. ही नको-नकोची रीत मला जन्मापासून माहीत. पुढे न विचारता मी सरळ कप तिच्या हातात ठेवला. मग ती बसली, पुष्कळ वेळ बसली, आणि निघते म्हणून उठल्यावर दाराशी उभं राहून पुन्हा तेवढंच बोलली. चहा नाकारून मग घ्यायचा आणि निघताना उंबऱ्यात रेंगाळायचं, हे अमेरिकेतही असतं असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आर्डिस तेव्हा साठीला आलेली होती. शहरातल्या एका खाजगी शाळेत ती बालवर्गाला शिकवायची. त्याच शाळेच्या लायब्ररीत मला नोकरी लागली ती तिच्याच शब्दामुळे. माझ्या आईच्या वयाची बाई, पण नावापुढे काही लावलेलं तिला खपत नसे. माझं नाव वैजयंती. सुधीरसकट सगळे मला वैजू म्हणतात. तिनं मात्र आठवडाभर जिन्यात, बसमध्ये, स्टाफरूममध्ये सराव करून पूर्ण नाव जिभेवर बसवलं आणि नंतर कधीही मोडून घेतलं नाही. तिच्या स्वतःच्या नावाचे शाळेत हाल चालायचे. कुणी आर्टिस म्हणे, कुणी आर्टिस्ट. वर्गातली आया तर शेवटपर्यंत "मिस आदिस" म्हणत राहिली. ती ओ द्यायची.

तिच्या नवऱ्याचं नाव रे. ती जिन्यातून "रे" अशी हाक मारायची आणि आमच्या कानाला वाटायचं, वाक्याचा पुढचा भाग राहून गेला. दुबईपलीकडे जबल अलीला समुद्रात भर घालायचं मोठं काम चाललं होतं, तिथल्या यंत्रांवर तो मेकॅनिक होता. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी फुजैराला यायचा. हसरा, लाल मानेचा, टेक्सासकडचा माणूस. त्याचं हे दुसरं लग्न आणि आर्डिसचंही दुसरं. तिनं ते एकदा सांगितलं, इतक्या सहज की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही.

आर्डिस नेब्रास्कातली. तिच्या गावाचं नाव ओटर फोर्क. ओटर म्हणजे पाणमांजर. नदीला तिथे दोन फाटे फुटतात आणि पूर्वी पाणमांजरं होती म्हणे, तिनं कधी पाहिली नव्हती. त्या गावाबद्दल ती इतकं बोलायची की डोळे मिटून मी तिथे फिरले असते. एक रस्ता, एक चर्च, चार पायांवर उभी पाण्याची टाकी आणि चारी बाजूंना क्षितिजापर्यंत मका. दुपारी बाराला गावाचा भोंगा वाजायचा आणि शेतातली माणसं जेवायला घरी यायची. फुजैरात ती दुपारच्या बांगेला डबा उघडायची. बांग रोज थोडी पुढेमागे होते, त्यावर तिचं म्हणणं असं की आमचा भोंगेवालाही दारुड्याच होता.

वडिलांची पाठ धरायची, आई बिटाचं लोणचं घालायची, आणि तिला एक बहीण होती, लव्हॉन. दोघींमध्ये थंडीचा एकच चांगला कोट होता. एक शाळेत जायची तेव्हा दुसरी सर्दीचं सोंग करून घरी बसायची, हे सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं इतकी ती हसायची. पण या सगळ्या गोष्टी तिच्या लग्नापाशी येऊन थांबत. एकोणिसाव्या वर्षी तिचं तिथल्याच एका शेतकऱ्याशी लग्न झालं, आणि त्यापुढचं पान कोरं. पहिला संसार सुखाचा नसेल, असं मी आपलं धरून चालले होते.

तिच्या तोंडी एक वाक्य कायम असे: "याहून वाईट असतं." ऑगस्टमध्ये इमारतीचा एसी बंद पडून अख्खा मजला घामानं निथळत असला, माझा केक कोळसा झाला, रेची गाडी वाटेत बंद पडली, तरी हेच. माझी मुलगी इरा तेव्हा दुसरीत होती. ती परीक्षेचा पेपर हातात घेऊन घरी यायची आणि मी काही बोलायच्या आत सांगायची, "मम्मा, कुड बी वर्स." सुधीरला हे फार आवडायचं.

एकदाच मी आर्डिसचा तोल गेलेला पाहिला. शाळेची सहल वाळूच्या टेकड्यांवर गेली होती. मी मदतीला होते. आर्डिस या सहलीला दरवर्षी काही ना काही कारण काढून टाळायची. त्या वर्षी शिक्षक कमी होते म्हणून तिला यावं लागलं. मुलं टेकडीवर चढायला लागली तशी ती खालच्या पक्क्या रस्त्यावरून ओरडून त्यांना परत बोलवू लागली. कुणी ऐकेना. एक लहानगा, ओमर त्याचं नाव, उतारावरून बसून घसरत आला आणि तळाशी मांडीपर्यंत वाळूत रुतला. हसत होता तो. वरून थोडी वाळू त्याच्या मागोमाग ओघळली. आर्डिस धावत गेली. त्या वयाची बाई तशी धावू शकते हे मला खरं वाटलं नसतं. तिनं त्याला दंडाला धरून उपसून काढलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

ओमर रडायला लागला. मुलांना ती कधी चढ्या आवाजातसुद्धा बोलत नसे. मग तिनं त्याला पोटाशी धरलं आणि ती जमिनीवरच बसली. तिचे दात वाजत होते. परतताना बसमध्ये मी विचारलं, काय झालं गं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माती असती तर चाललं असतं. माती जागच्या जागी राहते." दुसऱ्या दिवशी ती स्वतः ओमरच्या घरी जाऊन त्याच्या आईची क्षमा मागून आली. त्या माउलीनं तिला खजूर आणि कहावा, म्हणजे अरबी कॉफी, देऊन परत पाठवलं.

मग २००८ ची मंदी आली. फुजैरात ती जरा उशिरा पोहोचली. बंदरात जहाजं येतच होती, सुधीर नोकरीला होता त्या तेलाच्या टर्मिनलचं काम चालू होतं. पण वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. सुट्टीला म्हणून गेलेली कुटुंबं परत आलीच नाहीत. इराची मैत्रीण पुण्याला गेली ती तिची रंगपेटी वर्गात ठेवूनच. जबल अलीचं काम एका आठवड्यात ठप्प झालं. रे घरी आला, महिनाभर बाल्कनीत बसला, आणि आफ्रिकेत एका बंदराचं काम मिळालं म्हणून गेला. आर्डिसला म्हणाला, दोन महिन्यांत बोलावून घेतो.

सुरुवातीला तो फोन करायचा. मग आर्डिस करायची. मग तिकडून उचलणं बंद झालं. काही अपघात झाला असेल, ताप आला असेल, म्हणून ती कंपनीत विचारत राहिली. तिथली माणसं गोड बोलून निरोप देतो म्हणायची. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुझ्या फोनवरून लावून दे. मी लावला. पलीकडून रेचा आवाज आला, ठणठणीत, मागे कुणाचं तरी हसणं. "हॅलो? कोण बोलतंय?" असं तो विचारत राहिला. तिनं काही न बोलता ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "खलास."

मी रेला खूप बोलले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्याला नको बोलूस. हे माझ्याकडे यायचंच होतं." मला त्याचा अर्थ लागला नाही. दुखावलेली माणसं बोलतात तसं काहीतरी, असं वाटलं.

पुढच्या जूनमध्ये शाळेनं बालवर्गाच्या दोन तुकड्यांची एक केली आणि वयानं मोठ्या शिक्षकांना नारळ दिला. आर्डिसचं नाव पहिलं होतं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि महिन्याभरात देश सोडावा लागतो. आमच्या शाळेचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस, खालिद म्हणून होता. त्याचे दोन्ही मुलगे आर्डिसच्या हाताखालून गेले होते. त्यानं खटपट करून तिला थोडी मुदत वाढवून आणली. तीही संपली. आर्डिस गेली नाही.

मला वाटत होतं, तिची काहीतरी व्यवस्था झाली असेल. कारण रोज सकाळी ती पूर्वीसारखी इस्त्रीचा फ्रॉक घालून, बॅग घेऊन घराबाहेर पडायची. एके दिवशी इरा शाळेतून येऊन म्हणाली, "मम्मा, मिस आर्डिस सिट्स बाय द सी. एव्हरी डे. शी इज जस्ट सिटिंग देअर." बसच्या खिडकीतून तिला ती दिसायची. दुसऱ्या दिवशी मी गेले. मासळीबाजाराच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका बाकावर ती बसली होती. बॅग मांडीवर. समोर तेल भरून घ्यायला थांबलेली जहाजं. मी शेजारी बसले. मग तीच म्हणाली, "घरात बसलं की फोन वाजत नाही ते ऐकू येतं."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की परत जा. तुझं गाव आहे, बहीण आहे, या वयात इथे कागदांशिवाय कशी राहणार? ती माझ्याशी कधी कडक बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"ते गाव मी तुला गोष्टींत दिलं, वैजयंती. तिथे जाता येत नाही."

त्यानंतरचं वर्ष कठीण गेलं. आमच्या मजल्यावरच्या चार-पाच मुलांना ती घरी शिकवायची, त्यावर भागवायची. घरमालक भला होता, गप्प राहिला. पण ती मोठ्या रस्त्यानं जाईनाशी झाली. पोलिसाची गाडी दिसली की दुकानात शिरून काहीतरी निवडत बसायची. समुद्रावर जाणंही बंद झालं. तिच्या चेहऱ्याला सूज यायला लागली, जिना चढताना ती मधेच थांबायची. रक्तदाबाची जुनी तक्रार होती. मी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागले, सुधीरनं ओळखीच्या डॉक्टरांशी बोलतो म्हटलं, तरी नको. तिथे कार्ड मागतात, म्हणाली. आम्ही दिलेल्या गोळ्या ती घ्यायची की नाही, कुणास ठाऊक. वाळक्या पानांची ती वेणी उन्हानं झडून गेली, दारावर नुसती तार उरली. "याहून वाईट असतं" हे वाक्य मी त्या वर्षात तिच्या तोंडून ऐकलं नाही.

एका संध्याकाळी शिकवणीची मुलं माझ्याकडे येऊन म्हणाली, मिस दार उघडत नाहीत. रखवालदारानं किल्लीनं उघडलं. आर्डिस स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. डोळे उघडे. उजवा हात अंगाखाली दुमडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून ती काहीतरी सांगायला गेली, पण शब्दाच्या जागी नुसता आवाज आला. तो तिचा तिलाच ऐकू आला आणि ती घाबरली. एवढी घाबरलेली नजर मी माणसाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

हॉस्पिटलनं कागद मागे ठेवून तिला आधी आत घेतलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "ओके". पाणी हवं असलं तरी ओके, नको असलं तरी ओके. कधी कधी दहादा ओके म्हणूनही आम्हाला कळायचं नाही, मग ती डाव्या हातानं गादीवर बुक्के मारायची.

खालिदनं मला परिस्थिती समजावून सांगितली. मुदत उलटून गेलेली बाई, एकटी, बोलता येत नाही. नात्यातलं कुणी येऊन घेऊन जायला तयार झालं तर दंड माफ करून घेऊन बाहेर पडायचा परवाना काढता येईल. नाहीतर ती त्या वॉर्डात पडून राहील, किती दिवस ते सांगता येत नाही. "सिस्टर, कोई तो होगा," तो म्हणाला. "सबका कोई होता है."

वकिलातीतला माणूस सभ्य होता, पण त्याच्यापुढे फक्त पासपोर्ट होता. त्यात जन्मस्थान म्हणून नुसतं नेब्रास्का लिहिलेलं. चौकशीला वेळ लागेल, म्हणाला. गावाचं नाव इथे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी ओटर फोर्कच्या चर्चचा नंबर इंटरनेटवर शोधला आणि आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळी, फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. मी दुबईजवळून बोलतेय म्हटल्यावर ती फोन ठेवणार होती. मी घाईनं म्हटलं, तुमच्या गावात लव्हॉन नावाची कुणी आहे का, जिची बहीण आर्डिस?

मग बाई म्हणाली, "लव्हॉन दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिला मी काय सांगू?"

थोड्याच वेळात लव्हॉनचा फोन आला. आवाज अगदी आर्डिसचा. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कधी वारली?" नाही, जिवंत आहे, म्हटलं, तर म्हणाली, "आम्ही तिला केव्हाच मेलेलं धरलंय." रडली नाही. मग हळूहळू, जणू हवामान सांगावं तसं, तिनं आर्डिसचं कोरं पान मला वाचून दाखवलं.

आर्डिसला दोन मुलं होती. थोरली कॅरल आणि धाकटा डॅनी, चार वर्षांचा. शेतावर मका साठवायला पत्र्याच्या उंच गोल कोठ्या असतात. सुगीत एका दुपारी नवरा खालून कोठी रिकामी करत होता आणि डॅनी शिडीनं वर चढून आत उतरला. खालून मका निघायला लागला की वरचा मका पाण्यासारखा आत ओढला जातो. आर्डिस अंगणात कपडे वाळत घालत होती. पोर बापाजवळ आहे असं तिला वाटलं. पोर आईजवळ आहे असं बापाला वाटलं. गावानं पत्रे कापून काढले तोवर सगळं संपलं होतं.

"तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही," लव्हॉन म्हणाली. आणि तेच तिला सोसलं नसावं. बायका झाकलेली भांडी घेऊन येत राहिल्या, पुरुषांनी येऊन त्यांची सुगी काढून दिली, नवऱ्यानं पोराचे कपडे माळ्यावर नेऊन ठेवले, आणि त्या घरात डॅनीचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. थंडी अशी गेली. वसंतात आर्डिस गाडी घेऊन सामान आणायला म्हणून गावात गेली. गाडी बसथांब्याजवळ सापडली, किल्ली आत. कॅरल शाळेतून आली तेव्हा घराला कुलूप होतं. सात वर्षांची होती.

मी फोन ठेवला आणि सुधीरला सांगायला लागले, तेव्हा वाळूत रुतलेला ओमर डोळ्यांपुढे आला.

लव्हॉन स्वतः येऊ शकत नव्हती, गुडघे गेलेले. कॅरलला सांगावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. कॅरलचे वडील आता नव्हते, तिनं आईचं नाव टाकलं होतं. काही दिवसांनी कॅरलचाच फोन आला. "मी येते," म्हणाली. "नेईनच असं धरू नका."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, त्यात महिना गेला. ती आली तेव्हा विमानतळावर मला तिला शोधावं लागलं नाही. तीच उंची, तेच खांदे. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे ती कामाला होती आणि हात बघितल्यावर ते पटायचं. गाडीत ती एकच वाक्य बोलली, इथे डोंगर असतील असं वाटलं नव्हतं.

वॉर्डात मी आधी आत गेले. आर्डिसला म्हटलं, कुणीतरी आलंय तुला भेटायला. कॅरल पायथ्याशी येऊन उभी राहिली. तीसेक वर्षांत पोरीचा चेहरा किती बदलतो, पण आर्डिसनं एका नजरेत ओळखलं. तिच्या तोंडून "ओके" सुद्धा आलं नाही. तिनं डाव्या हातानं चादर ओढली आणि डोक्यावरून घेतली.

तसं रोज चाललं. कॅरल आली की चादर वर. नर्सनं चादर काढून घेतली तर डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड. कॅरल खुर्चीवर बसून राहायची. बोलायची नाही, हात धरायची नाही. आर्डिस झोपली आहे असं वाटलं की उठून तिची आखडलेली उजवी बोटं एकेक सरळ करायची, आजारी जनावराचा पाय बघावा तशी, आणि पुन्हा जाऊन बसायची. मला त्या खोलीत उभं राहवत नसे. दोन माणसं एकमेकांसमोर बुडताहेत आणि दोघींपैकी कुणालाही हात वर करता येत नाही, असं वाटायचं.

सामान आवरायला आम्ही आर्डिसच्या घरी गेलो. कॅरलनं सगळी कपाटं उघडून पाहिली. फ्रॉक, भांडी, मुलांनी काढलेली चित्रं. जुनं काही नव्हतं, एक फोटोदेखील नाही. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ती माझ्याबद्दल कधी बोलायची?"

मी खोटं बोलणार होते. शब्द तोंडात तयार होते. पण तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते जमलं नाही. "नाही," मी म्हटलं. "भावाबद्दलही नाही. एकदाही नाही."

कॅरलनं मान हलवली. मग म्हणाली, "आमच्याकडे जे विसरता येत नाही त्याचंच नाव काढत नाहीत." आणि थोड्या वेळानं, "मग सांगा, कशाबद्दल बोलायची?"

तेव्हा मी तिला जे जे आठवलं ते सांगितलं. कोट, बिटाचं लोणचं, बारा वाजताचा भोंगा, ओमरला मारलेली थोबाडीत, नंतर त्याच्या घरी जाऊन आलेली आर्डिस. माझ्या नावाचा तिनं केलेला सराव. कॅरल ऐकत होती, मधूनच एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लावत होती. ज्या बाईनं तिला जन्म दिला तिची ओळख तिला फुजैरात एका ठाण्याच्या बाईकडून करून घ्यावी लागत होती. बोलता बोलता माझाच आवाज फुटला. तिचा नाही फुटला.

उठताना म्हणाली, "नेते मी. घरी नाही. शेजारच्या गावात म्हाताऱ्यांना सांभाळतात, तिथे." कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आर्डिस त्यानंतर वर्षभर जगली. कॅरलनं दोन ओळींत कळवलं, सुगीच्या दिवसांत गेली, माझ्या भावाशेजारी जागा दिली. तिथे शेवटचं वर्ष कसं गेलं, ती डोळे उघडून लेकीकडे बघायची का, हे त्यात नव्हतं. मी पुष्कळदा विचारायला घेतलं आणि राहू दिलं.

मला ती शेवटची दिसली ती दुबईच्या विमानतळावर. खालिद शब्द टाकून मला इमिग्रेशनच्या काउंटरपर्यंत घेऊन गेला होता. आर्डिस चाकाच्या खुर्चीत होती, इस्त्रीचा फ्रॉक मीच चढवला होता, आणि कॅरल खुर्ची ढकलत होती म्हणून आर्डिसचे डोळे मिटलेले होते. मुदत उलटून राहिलेल्यांच्या डोळ्यांचा स्कॅन केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्यानं यंत्र पुढे केलं आणि आर्डिसला डोळे उघडायला सांगितलं. तिनं ते आणखी घट्ट मिटले. मी म्हटलं, आर्डिस, प्लीज. मागची रांग थांबली. अधिकारी पुन्हा म्हणाला, मॅडम, डोळे. मग कॅरलला विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

कॅरल म्हणाली, "मुलगी."

ती खुर्चीच्या पुढे येऊन गुडघ्यांवर बसली. आईची हनुवटी एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिची पापणी वर केली, सावकाश, दुखू नये अशा बेतानं. आर्डिसला बघावं लागलं. दोघींच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर होतं. अधिकाऱ्यानं शेजारून वाकून यंत्र धरलं, काहीतरी टकटक वाजलं, तो "खलास, यल्ला" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

कॅरलनं अंगठा काढला नाही.